रोजनामा बघितलास का?

२०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. वाटपाचा दावा, आम्ही वादीकडून. त्या दिवशी मी दुसऱ्या कोर्टात उलटतपासणी घेत होतो म्हणून शेजारच्या टेबलवरच्या ज्युनिअरला म्हटलं, माझ्या दाव्यात तेवढी तारीख घे रे. त्याने घेतली, व्हॉट्सॲपवर नुसतं '२१' असं पाठवलं, मी संध्याकाळी डायरीत २१ लिहिलं आणि विषय संपला. २१ ला सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघतोय तर आमचा दावा बोर्डावर नाहीच. भाऊसाहेबांकडे, म्हणजे कोर्टाच्या क्लार्ककडे, गेलो तर ते फाइलींच्या गठ्ठ्यातून मान वर न काढता म्हणाले, "वकीलसाहेब, तो तर १२ लाच काढून टाकला की." बारा आणि एकवीस. पोराने ऐकताना गडबड केली का टाइप करताना, ते आजपर्यंत कळलं नाही. १२ ला तीनदा पुकारा झाला, प्रतिवादीचे वकील हजर, वादी आणि वादीचे वकील गैरहजर, दावा डिसमिस इन डिफॉल्ट.

सिनियरना सांगायला गेलो, वाटलं आता बारा वाजणार. ते काही ओरडले बिरडले नाहीत, चष्मा काढून ठेवला आणि एवढंच विचारलं, "रोजनामा बघितलास का?" रोजनामा म्हणजे त्या दिवशी केसमध्ये काय झालं आणि पुढची तारीख कोणती याची कोर्टातली नोंद, आणि हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. कुठलंही काहीही सांगायला जा, त्यांचं पहिलं वाक्य हेच. ज्युनिअर असताना मला याचा भयंकर राग यायचा.

नऊ दिवसच गेले होते आणि रिस्टोरेशनला, म्हणजे दावा परत चालू करून घ्यायला, लिमिटेशन ॲक्टच्या आर्टिकल १२२ प्रमाणे ३० दिवस मिळतात, त्यामुळे मुदतीत बसलो. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ९ रूल ९ चा अर्ज, सोबत माझं स्वतःचं ॲफिडेव्हिट की चूक माझी आहे पक्षकाराची नाही, मग समोरच्यांचं म्हणणं, ते त्यांनी चार तारखा दिलंच नाही, आणि आठ महिन्यांनी ५०० रुपये कॉस्टवर दावा परत बोर्डावर आला. कॉस्ट मी भरली. पक्षकाराच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं, म्हातारबाबा गप्प ऐकत होते, चहा झाल्यावर एवढंच म्हणाले, "आता जी तारीख दिलीय ती तरी खरी हाय न्हवं?"

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे यंदा वकिलीची सनद मिळालेली तीन-चार पोरं बाररूममध्ये रोज विचारतात, सर कुठलं ॲप घेऊ, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, एआय वापरू का. मी सातारा जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात काम करणारा माणूस, माझ्याकडे कॉर्पोरेट ऑफिसवाल्यांसारखं काही नाही, एक टेबल, एक कपाट, एक लॅपटॉप आणि अर्धवेळ टायपिस्ट. पण जे ठेचकाळून शिकलो ते सांगतो.

पहिली डायरी. कागदाची. हो, कागदाचीच, हसू नका. आणि तारीख कोर्ट हॉलमधून बाहेर पडायच्या आत लिहायची, कॅन्टीनमध्ये नाही, घरी नाही. तारखेसोबत स्टेज लिहायची, नुसतं 'तारीख' नाही: 'कैफियत' (प्रतिवादीचं लेखी उत्तर), 'निशाणी ५ वर युक्तिवाद' (तात्पुरत्या मनाईचा अर्ज), 'वादीचा उलट'. दुसऱ्याला तारीख घ्यायला सांगितली तर त्याच्याकडून आकडा अक्षरात आणि वार मागवायचा. 'बारा, बुधवार' असं आलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते. मग रात्री जेवणानंतर ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्या दिवशीची सगळी मॅटर डायरीशी ताडून बघायची, पंधरा मिनिटांचं काम आहे.

आता कुणी म्हणेल मग डायरी कशाला, ॲपच बघावं. तर त्याच्यानंतर दोनेक वर्षांनी बरोबर उलटं झालं. साहेब, म्हणजे न्यायाधीश, रजेवर होते, चार्ज दुसऱ्या कोर्टाकडे, सगळ्या बोर्डाला एकगठ्ठा तारखा दिल्या आणि ॲपवर आमच्या मॅटरची एंट्री चुकीची पडली. माझी डायरी बरोबर होती. दोन्हीत फरक दिसला म्हणून सकाळी जाऊन काय केलं असेल? रोजनामा बघितला.

ई-कोर्ट्सबद्दल अजून एक. प्रत्येक केसला सोळा अक्षरी सीएनआर नंबर असतो, पहिली चार अक्षरं राज्य आणि जिल्ह्याची, मग दोन आकडे कोर्टाचे, सहा आकडे नंबर, शेवटचे चार वर्ष. हा नंबर फाइलच्या कव्हरवर मार्करने मोठा लिहा आणि पक्षकाराच्या मोबाईलमध्येही घालून द्या, त्याच्या पोराला किंवा नातवाला ॲप दाखवून द्या. काही वकिलांना हे आवडत नाही, म्हणतात पक्षकार डोक्यावर बसतो. माझा अनुभव असा की रात्री साडेनऊला येणारे 'साहेब तारीख कितीची' हे फोन निम्म्याने कमी झाले, आणि दोन वेळा तर पक्षकारानेच मला तारीख आठवण करून दिली. ॲपमधलं 'माय केसेस' मात्र तुमच्या फोनमध्येच साठतं, फोन गेला की यादी गेली. माझा फोन एकदा एसटीत राहिला तेव्हा दीडशे सीएनआर परत एकेक करून टाकत बसलो होतो रविवारभर. त्यात एक्सपोर्टचा पर्याय आहे, महिन्यातून एकदा ती फाइल काढून स्वतःला ईमेल करून ठेवायची.

मुदतीची वही वेगळी. हे कुणी शिकवत नाही. डायरीत कोर्टाने दिलेल्या तारखा असतात, पण जी मॅटर अजून कोर्टात गेलीच नाहीत त्यांचं काय? १३८ ची (चेक न वटल्याची) नोटीस, अपील, रिव्हिजन, हे कुठल्या बोर्डावर येत नाही आणि कुठलं ॲप आठवण करून देत नाही. १३८ चंच घ्या. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला. ते संपल्यावर एक महिन्यात फिर्याद. समजा नोटीस २० मार्चला मिळाली. २१ पासून मोजायचं, १५ दिवस ४ एप्रिलला संपले, ५ एप्रिलला कारण घडलं, तो दिवस सोडायचा, म्हणजे ५ मे पर्यंत फिर्याद. माझ्या वहीत मी ५ मे लिहीतच नाही, २५ एप्रिल लिहितो, कारण ५ मे ला पक्षकार लग्नाला गेलेला असतो हे ठरलेलं. आणि घाईपण करायची नाही, १५ दिवस संपायच्या आधी टाकलेली फिर्याद चालत नाही, योगेंद्र प्रताप सिंगच्या २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय.

आणि पोस्टाचं ट्रॅकिंग. आपण सवयीने आजही 'आरपीएडी केली' (पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट) म्हणतो पण रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. ते असो. 'डिलिव्हर्ड' दिसलं की त्याच दिवशी त्या पानाची प्रिंट काढून फाइलला लावा. सहा महिन्यांनी पुरावा द्यायची वेळ येते तेव्हा वेबसाइट म्हणते रेकॉर्ड नॉट फाउंड, आणि समोरचा पहिला बचाव हाच घेतो की नोटीस मिळालीच नाही.

आता रिसर्च. इथे मला थोडं बोलायचंय कारण इथे पोरं जास्त चुकतात आणि मीही चुकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका कायमच्या मनाईच्या दाव्यात मी मोठ्या ऐटीत हायकोर्टाचा निवाडा दाखल केला, पिवळा मार्कर मारून. साहेबांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, पॅरा १४ ची सुरुवात वाचा." सुरुवात होती, 'वादीच्या विद्वान वकिलांनी असा युक्तिवाद केला की...' म्हणजे मी कोर्टाचा निष्कर्ष म्हणून वकिलाचा युक्तिवाद दाखवत होतो आणि पुढे पॅरा १९ मध्ये कोर्टाने तोच फेटाळला होता. माझ्या मागे बसलेल्या एका मॅडमनी पदर तोंडाला लावला ते मला अजून दिसतं. तेव्हापासून सर्चमध्ये शब्द सापडला की मी तिथे थांबत नाही, चार पॅरा वर जातो, बोलतंय कोण ते बघतो, आणि मग शेवटची ऑर्डर. हेडनोट, म्हणजे निवाड्यावर छापलेला सारांश, फक्त शोधायला, वाचायला पूर्ण निवाडा.

दुसरं म्हणजे निवाडा जिवंत आहे का ते बघणं. दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १ ऑगस्ट २०१४. ज्या बँकेवर चेक काढला तिथल्या कोर्टात फिर्याद टाका असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं आणि गठ्ठेच्या गठ्ठे फिर्यादी परत गेल्या, तेव्हाच्या वकिलांना विचारा काय धावपळ झाली. मग २०१५ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली, खात्यात चेक भरला असेल तर आता पैसे घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. तरी मागच्या वर्षी एकाने माझ्यासमोर हद्दीच्या मुद्द्यावर दशरथच दाखल केला. निवाडा खरा, सायटेशन (निवाड्याचा संदर्भ क्रमांक) खरं, प्रिंट सुंदर, फक्त दहा वर्षं उशीर झाला होता.

आणि १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाल्यावर तर कलमांचे नंबरच फिरले. आपल्या डोक्यात ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करायचा अर्ज, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करायचं ५२८ मध्ये गेलं. १४४ म्हटलं की जमावबंदी आठवायची, आता १४४ मध्ये बायकोपोरांची पोटगी आहे आणि जमावबंदी १६३ मध्ये. एका ज्येष्ठांनी पोटगीच्या अर्जात सवयीने १२५ लिहिलं, खोडून १४४ केलं आणि मला म्हणाले, "आता नवरा-बायकोंना एकत्र जमायला बंदी!" मी टेबलावर काचेखाली जुन्या-नव्या कलमांचा एक तक्ता ठेवलाय, हाताने लिहिलेला, लिहिताना पाठ होतो म्हणून. आणि घटना कधीची ते आधी बघा, ३० जून २०२४ पर्यंतच्या गुन्ह्याला भादंविच लागते.

फुकटात बरंच मिळतं हे लक्षात ठेवा. महागडं सबस्क्रिप्शन पहिल्या वर्षी अजिबात घेऊ नका. इंडियन कानून ही वेबसाइट आहे, सुप्रीम कोर्टाचे रिपोर्ट २०२३ पासून ऑनलाइन फुकट आहेत, हायकोर्टाच्या वेबसाइटवर निकाल आहेत. न्यूट्रल सायटेशन, म्हणजे कोर्टानेच निवाड्याला दिलेला नंबर, आल्यापासून तर फारच सोपं झालं, बीएचसीच्या (बॉम्बे हायकोर्ट) पुढे एएस दिसलं की अपेलेट साइड, ओएस म्हणजे ओरिजिनल, एनएजी म्हणजे नागपूर, एयूजी म्हणजे औरंगाबाद खंडपीठ. प्रिंट काढायची ती कोर्टाच्या साइटवरची काढा. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून आमच्या सहा जिल्ह्यांची मुंबईची वारी वाचली, पण त्यामुळे तालुक्यातले पक्षकारही आता विचारायला लागलेत, 'हायकोर्टात तुम्हीच का नाही जात साहेब', म्हणजे आता रिसर्च टाळून चालायचं नाही.

एआय. वापरा की, मी पण वापरतो. इंग्रजी निवाड्याचा मथितार्थ मराठीत समजून घ्यायला, लांबलचक मजकुरातून घटनाक्रम काढायला, उलटतपासाचे मुद्दे सुचवून घ्यायला छान आहे. सायटेशन मागायला नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली माता विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे दाखल केले, ते निवाडे जगात कुठे नव्हतेच, ५,००० डॉलर दंड बसला. लांबची गोष्ट वाटते ना? २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टात एका आयकर प्रकरणात खुद्द करनिर्धारणाच्या आदेशातच अस्तित्वात नसलेले निवाडे निघाले आणि हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. मी स्वतः एकदा गंमत म्हणून वहिवाटीच्या रस्त्याबद्दल निवाडे मागितले, पाच दिले, नावं अगदी आपल्याकडची, पाटील विरुद्ध जाधव वगैरे, पान नंबर सकट. दोन सापडलेच नाहीत, एक सापडला तो भाडेकरूचा. माझे सिनियर असते तर त्या मशीनलाही विचारलं असतं, रोजनामा बघितलास का. आणि हो, पक्षकाराचे कागद, आधार, मेडिकल पेपर असलं काही त्यात टाकू नका, आधी नावं-नंबर काढा. पक्षकाराने ते तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेत.

व्हॉट्सॲपच्या पुराव्याचं रोज एक तरी प्रकरण येतं. पक्षकार येतो, म्हणतो साहेब त्याने मला मेसेजवर कबूल केलंय, आणि प्रिंट टेबलावर ठेवतो. प्रिंट नुसती चालत नाही. याचा मोठा निकाल आपल्या जालन्यातूनच गेलाय, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०१४ च्या विधानसभेचा वाद, उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दिला का नंतर हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं आणि त्या व्हिडिओचं ६५-ब चं सर्टिफिकेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारा दाखला, अधिकारी देईनात. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर सर्टिफिकेट पाहिजेच. आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ झालंय, सर्टिफिकेटचा नमुना कायद्याला जोडलाय, त्यात अ आणि ब असे दोन भाग, ब भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा, फाइलमध्ये एक कण बदलला तरी ठसा बदलतो. म्हणून पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगायचं, फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवू नको, व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, ती दुसरीच फाइल होते. मूळ फोन जपून ठेव, विकू नको, फॉरमॅट मारू नको, पोराला गेम खेळायला देऊ नको. हे शेवटचं मी गंमतीने लिहीत नाहीये, एका फिर्यादीतलं अख्खं रेकॉर्डिंग नातवाने जागा हवी म्हणून डिलीट केलं होतं.

टायपिंगचं दुखणं वेगळंच. माझ्याकडे २००८ पासूनचे दावे, कैफियती, नोटिसा सगळं कॉम्प्युटरवर आहे, आणि त्यातलं निम्मं मला उघडता येत नाही. म्हणजे उघडतं, पण 'कृतिदेव'मध्ये टाइप केलेलं, काही 'श्रीलिपी', नवीन लॅपटॉपला तो फॉन्ट नाही की पानभर इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात, बाराखडीला भूत लागल्यासारखं. आपल्याकडचे जुने टायपिस्ट त्याच फॉन्टात एक्स्पर्ट, स्पीड जबरदस्त, त्यांना युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणारं टायपिंग) म्हटलं की राग येतो. मी आमच्या टायपिस्ट काकांना वर्षभर समजावत होतो, शेवटी एक दिवस त्यांच्यासमोर युनिकोडमधल्या फाइलींत एक गट नंबर सर्च केला आणि २०१६ चा त्याच जमिनीचा आमचाच दावा वर आला, ज्याच्यात आम्ही समोरच्याच पार्टीकडून होतो! म्हणजे नवीन ब्रीफ घेताघेता वाचलो. त्यानंतर काका एक शब्द न बोलता इन्स्क्रिप्ट, म्हणजे युनिकोडचा कीबोर्ड, शिकले. फोनवर बोलून टाइप करायचं पण करून बघा, मराठी बऱ्यापैकी येतं, फक्त गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि रक्कम हे बोलून अजिबात नाही, ते सातबारा समोर ठेवून हाताने. एकदा 'पूर्वेस ओढा' चं 'पूर्वेस घोडा' झालेलं मी सही करता करता पकडलंय.

फीबद्दल एवढंच, खर्चाचे पैसे आणि फी वेगळी लिहा, कोर्ट फी, नक्कल, भत्ता, झेरॉक्स एकीकडे, आपली फी दुसरीकडे, आणि पावती द्या. पक्षकारांची भांडणं फीवरून कमी आणि 'ते खर्चाला दिलेले कुठे गेले' यावरून जास्त होतात. फी बुडवली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलंय, त्यामुळे पक्षकार दुसरा वकील करायला एनओसी मागायला आला की चरफडत का होईना कागद द्या, पण देण्याआधी सगळी फाइल स्कॅन करून घ्या आणि पोच घ्या.

स्कॅनर कुठला घेऊ असं विचारणाऱ्या पोरांनो, सध्या मोबाईल पुरतो. खिडकीजवळ उजेडात, कागद सपाट, आणि फाइलला नाव देताना 'स्कॅन००१२' असलं काही नको, पक्षकाराचं आडनाव, केस नंबर, निशाणी नंबर, तारीख. आमच्याकडे लाइट गेली की दुपारभर येत नाही तेव्हा पॉवर बँक कपाटात भरून ठेवा, आणि एक कार्बन पेपरचं पाकीट पण असू द्या. पुरसिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) हाताने लिहायची वेळ मागच्याच महिन्यात आली होती, आणि शेजारच्या टेबलवरचा तोच 'एकवीस' वाला, आता चांगला दहा वर्षांचा वकील झालाय, माझ्याकडेच कार्बन मागायला आला.